घरातून पाहिलं तर उजवीकडे

होल्सरोडा, १४ जानेवारी १९८१

प्रिय फोल्कमार,

नाताळचं पार्सल मिळालं. कॉफी उत्तम, चॉकलेट शेजारच्या डोरिंगबाईंनी संपवलं, आणि मोजे तुझ्या बायकोने कोणाच्या मापाचे घेतले हे तिलाच विचार. माझे पाय अजून माणसाचे आहेत.

आता कामाचं. तुझं झाड जाणार. फाटकापाशी बस वळवायला जागा करायची आहे, आणि ग्रामसभेने ठरवलंय की उजवीकडचं झाड आड येतं. डावीकडचं नाही येत. म्हणजे तुझा तांबड्या पानांचा बीच पडणार आणि माझा हिरवा उभा राहणार. लहानपणी मी हेच देवाकडे मागत असे, तेव्हा त्याने लक्ष दिलं नाही. मार्चपासून पक्षी घरटी करतात म्हणून तोड बंद, तेव्हा फेब्रुवारी संपायच्या आत पाडतील.

मी दोन अर्ज केले. 'हे झाड बाबांनी एकोणीसशे सव्वीस साली मुलगा झाला म्हणून लावलं, राजवाड्याच्या बागेतून काडी मागून आणून स्वतःच्या हाताने कलम केलं,' असं सगळं लिहिलं. अध्यक्ष म्हणाला, "तो मुलगा आता कुठे असतो, इर्मगार्डबाई?" पश्चिम जर्मनीत, हे त्यालाही ठाऊक. अर्ज तिथेच संपला.

म्हणून काल मी काड्या कापल्या. स्वतः शिडीवर चढून. अकरा काड्या, गेल्या वर्षीची वाढ, ओल्या शेवाळात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात. डब्यावर 'ईस्टरसाठी फुलदाणीतल्या फांद्या, भेटवस्तू, विक्रीसाठी नाही' असं लिहिलंय. सरहद्दीवर उघडून पाहणाऱ्याला फुलदाणी आवडत असेल अशी आशा. तुझ्याकडे उबदार काचघर आहे, काडी बांधायला खुंटाची रोपं आहेत, हात आहेत. आमच्या सहकारी रोपवाटिकेत आता नुसती सफरचंदं आणि बटाट्याचं बेणं. शोभेचं झाड म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात, मी जणू पियानो मागितलाय.

यातलं एक जरी जगलं तरी बाबांचं झाड जगलं. एवढंच मला हवंय.

ओळी तिरप्या गेल्या असतील. टेबलाचा पाय डुगडुगतो.

तुझी
इर्मा

टोर्नेश, ९ फेब्रुवारी १९८१

प्रिय इर्माताई,

डबा पोचला. झाकणावर पत्ता तुझ्या अक्षरात नव्हता, म्हणून आधी मोजे घेणाऱ्या टेल्झेला वाटलं कोणीतरी खरंच बिस्किटं पाठवली. तिची निराशा झाली, माझी नाही.

शेवाळ थोडं सुकलं होतं, पण काड्या जिवंत. त्याच दिवशी काचघरात बसून अकराही कलमं बांधली. हिन्रिक, माझा मुकादम, नको म्हणत होता. "पंचावन्न वर्षांच्या म्हाताऱ्या झाडाची काडी धरत नाही साहेब." मी म्हटलं, ही काडी माझ्या बहिणीने कापली आहे, ती काय ते जाणते. काड्यांवरचे डोळे मला जरा फिके वाटले, तांबड्या बीचचे कसे गडद असतात, तसे नव्हते. पण बारा दिवस डब्यात बंद राहिलं तर मीही फिका पडेन. आणि तू पाठवलंस म्हणजे प्रश्नच नाही. सालीला नख लावून आतला रंग बघणं बाबांनी आधी तुला शिकवलं, मग मला.

ताई, एक सांगू? चार हजार तांबडे बीच विकले असतील मी आजवर. बँकेपुढे, स्मशानापुढे, दातांच्या डॉक्टरांच्या बंगल्यापुढे. लोकांना तो हिरवळीवर एकटा, ऐटीत उभा हवा असतो. पण त्यातला एकही आपल्या झाडाचा नाही. छप्पन साली मी एका पेटीनिशी सरहद्द ओलांडून इकडे आलो तेव्हा काड्या घ्यायचं सुचलं नाही. बाबांचे अक्षरठसे मात्र घेतले. हो, ते मीच नेले. तू वर्षभर शोधलेस असं आईने लिहिलं होतं. आज त्यांनीच जस्ताच्या पट्टीवर बाबांचं नाव ठोकलं आणि कुंड्यांपाशी रोवलं. 'आर'चा पाय अजून तुटकाच आहे.

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाल.

फोल्कमार

होल्सरोडा, २ मार्च १९८१

प्रिय फोल्कमार,

म्हणजे ठसे तू नेलेस. मी त्या वेळी पोस्टमनवर आळ घेतला होता, आणि तो बिचारा मेला.

मंगळवारी झाड पडलं. चौघे आले, सकाळी आठला सुरू केलं, जेवणापर्यंत आडवं. मी बाहेर उभी होते. पडताना आवाज फारसा झाला नाही, जमीन मात्र हलली, ती मला बुटांतून कळली. मग ओल्या लाकडाचा वास सुटला, आंबटसा, बाबांच्या कोटाला यायचा तसा. गावातले अर्धे लोक हातगाड्या घेऊन आले. बीच चांगला जळतो. अध्यक्षाच्या बायकोने पहिली गाडी नेली.

लोक म्हणतात, आता घरात खूप उजेड येतो. मला तरी फरक वाटत नाही.

बुंधा जमिनीसरशी कापलाय. कलमाचा जोड खाली राहिला, वरचं सगळं तुझं गेलं. बाबा म्हणायचे, वर कितीही तांबडा असला तरी खाली साधा हिरवाच आहे, त्याच्याच मुळांवर उभा आहे. हे ते तुला ऐकवायचे, मी ऐकत असताना. मला बरं वाटावं म्हणून.

आता सगळं तुझ्या त्या अकरा कुंड्यांत आहे. पान फुटलं की ताबडतोब कळव. एक पान वाळवून पाकिटात घाल.

इर्मा

टोर्नेश, २० मे १९८१

इर्मगार्ड,

पान मागितलं होतंस, सोबत आहे. नीट बघ.

अकरांपैकी सात धरली. गेल्या आठवड्यात पानं उघडली. मी रोज सकाळी चहा न घेता काचघरात जात होतो. सातही हिरवी आहेत. फिकट तांबडी नाही, कोवळेपणी तांबूस आणि मग हिरवी असंही नाही. जंगलात फुकट मिळतो तसला साधा हिरवा बीच.

खुंटाचा फुटवा आहे का म्हणून मी जोड तपासले. नाही. काडीच हिरवी. म्हणजे तू काड्या डावीकडच्या झाडाच्या कापल्यास. तुझ्या.

तुझ्याकडून चूक झाली हे मला सांगू नकोस. तीस वर्षं तू रोपवाटिकेत काढलीस. हिवाळ्यात झोपेतून उठवलं तरी तू तांबडा आणि हिरवा बीच ओळखशील. मग एकच उरतं. सहा वर्षांची असताना तू माझ्या झाडाची साल सुरीने सोलली होतीस, आठवतं? 'याला लाल आणि मला रानातलं,' म्हणून. बाबांनी तुला मारलं नाही, कारण त्यांना लाज वाटली. ते झाड तुला तेव्हापासून खुपत होतं. मी गेलो, तू राहिलीस, आईचं केलंस, बाबांचं केलंस, मी अंत्यविधीला आलो नाही, सगळं खरं. पण तोंडावर शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. माझं झाड पाडू दिलंस आणि मला तुझं पाठवलंस, शेवाळात गुंडाळून, 'यातलं एक जगलं तरी' असं लिहून.

हिन्रिकला सांगितलंय, उद्या सातही कचऱ्यावर टाक.

फो. हाइनेमान

होल्सरोडा, ११ जून १९८१

फोल्कमार,

हिरवी असतील तर हिरवी. टाकलीस ते बरं केलंस.

कॉफी पाठवू नकोस.

इर्मगार्ड

होल्सरोडा, १२ जून १९८१

श्रीयुत हाइनेमान यांस,

आपला माझा परिचय नाही. मी पाद्री डोरिंग यांची विधवा, आपल्या बहिणीच्या शेजारी राहते. हे पत्र मी तिला न सांगता लिहिते आहे. आयुष्यात मी फार गोष्टी न सांगता केलेल्या नाहीत, तेव्हा ही एक चालावी.

तुमची पत्रं इर्मगार्डला मी वाचून दाखवते. मागच्या सप्टेंबरपासून. तिला दिसत नाही. खिडकी कुठे आहे एवढं कळतं, समोर माणूस उभा आहे की कपाट हे कळतं, आणि तेही कपाट हललं नाही तर. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यावर औषध नाही. ती पुठ्ठ्यात चिरा पाडून त्यांतून ओळी लिहिते. पाकिटावर पत्ता मी घालते.

तुम्हाला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. "तो चांदीच्या चमच्याने माझी कीव करेल," असं तिचं म्हणणं.

मे महिन्याचं पत्रही मीच वाचलं. दुसऱ्या परिच्छेदानंतर मी थांबले, म्हटलं, पुढे काही विशेष नाही. ती म्हणाली, "डोरिंगबाई, पाद्र्याच्या बायकोला खोटं बोलता येत नाही, वाचा." वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग पान हातात घेऊन विचारलं, "हे हिरवं आहे?" मी हो म्हटलं.

जानेवारीत छपरावरून बर्फ घसरून पुढचं दार बुजलं होतं. ती गोठ्याच्या दाराने निघून रस्त्याकडून फाटकाशी आली. तुमच्या घरात डावं-उजवं नेहमी घरातून बाहेर बघून म्हणतात ना? त्या दिवशी ती बाहेरून आत येत होती. उजव्या हाताच्या झाडाला शिडी लावली. मी शिडी धरली होती, आणि मला झाडांतलं काही कळत नाही. पानं नसली की मला सगळी झाडं सारखीच.

तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. पण पुढचं पत्रही मलाच मोठ्याने वाचावं लागणार आहे, एवढं लक्षात ठेवून लिहा.

आपली
आडेलहाइड डोरिंग

टोर्नेश, ३ जुलै १९८१

प्रिय इर्माताई,

मी गाढव आहे. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं वाचशील.

काल कळलं. मार्चमध्ये मी पाठदुखीने आठ दिवस पडून होतो. तेव्हा हिन्रिकने काचघर धुतलं आणि कुंड्या हलवल्या. परत ठेवताना बाबांच्या नावाची पट्टी त्याने भलत्याच रांगेत रोवली. मी ज्यांवर आरडाओरडा केला ती आमचीच साधी हिरवी रोपं होती, कुंपणासाठी वाढवलेली. तुझी सात दुसऱ्या मेजावर मजेत उभी होती. सातही तांबडी आहेत, ताई. बाबांच्या झाडासारखीच, उन्हात धरलं की पानाच्या कडेला वाइनचा रंग येतो तशी.

मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. पट्टी चुकली म्हणून नव्हे. पट्टी बरोबर असती तरी नको होतं. पंचवीस वर्षांत तू मला एकदाही 'का गेलास' म्हणून विचारलं नाहीस. त्याची मला इतकी भीती वाटत राहिली की शेवटी मीच तुझ्यावर ओरडलो.

पान पाठवत नाही. ही पानं सुकली की काळी पडतात. मार्चमध्ये तू साठीची होशील, म्हणजे पेन्शनवाली, म्हणजे तुमचं सरकार तुला सरहद्द ओलांडून इकडे यायची परवानगी देईल. ये आणि इथेच बघ.

डोरिंगबाईंना माझा नमस्कार सांग. पाकिटावरचं त्यांचं अक्षर छान आहे.

तुझा
फोल्कमार

होल्सरोडा, २० सप्टेंबर १९८१

प्रिय फोल्कमार,

अडीच महिने उत्तर दिलं नाही, कारण गाढवाला लगेच गवत घालायचं नसतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी डोरिंगबाईंना आलुबुखाराचा केक करून घातला. त्या रडत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, केकमधला कांदा डोळ्यांत गेला. केकमध्ये कांदा नव्हता.

हिन्रिकला ओरडू नकोस. पट्ट्या चुकतात. बाबांनी एकदा नगराध्यक्षाला पेअर म्हणून आंबट सफरचंद दिलं होतं, आणि ते कळायला सहा वर्षं लागली.

अर्ज केला आहे. मेमध्ये येईन. पानं नवी असतात तेव्हा रंग सगळ्यांत चांगला असतो. माझ्याकडे दिवस थोडे आहेत. आयुष्याचे नव्हेत, ते बक्कळ आहेत. दुसऱ्या कशाचे, ते आल्यावर सांगेन.

सात कुंड्यांना नीट पाणी घाल. बीचला पाय ओले चालत नाहीत.

इर्मा

टोर्नेश, ४ एप्रिल १९८२

प्रिय इर्माताई,

परवानगी आली हे तारेने कळवलंस, टेल्झेने तेव्हापासून तीनदा पडदे धुतले. हांबुर्गला फलाटावर मी असेन. तू डब्यातच थांब, सामान मी उतरवेन. उगाच घाई करू नकोस.

तुझं रोप पुढच्या बाजूला आणून ठेवलं आहे. ते बघून डोळे निवतील.

फोल्कमार

होल्सरोडा, १७ जून १९८२

प्रिय फोल्कमार,

घरी पोचून आठ दिवस झाले. टेल्झेचे डंपलिंग माझ्यापेक्षा हलके होतात, हे तिला सांग, पण एकदाच सांग.

आता ऐक. हे पत्र तू एकट्याने वाच, जमलं तर उभ्याने नको.

हांबुर्गला गाडीच्या पायरीशी तू माझा कोपर धरलास. मी अजून तुला काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं असतं, दिसत नाही रे मला, तर तू 'अरेरे' म्हणाला असतास. पण तू आधीच पायरी मोजत होतास, "एक, दोन, आता जमीन." तेव्हाच मला डोरिंगबाईंचा कांदा कळला.

दुसऱ्या दिवशी तू मला कुंडी हातात दिलीस. "हे बघ, तुझं." तुझा आवाज विक्रीला आलेल्या माणसासारखा होता. पान तांबडं असणारच, त्यात तू फसवलं नसशील. पण मी अंगठा खाली नेला, जोडापर्यंत. फोल्कमार, सव्वा वर्षाच्या कलमाला बांधलेल्या पट्टीचा वळ असतो, बोटाला चक्क पायरी लागते. तो जोड होता गुळगुळीत, चार वर्षांचा. मी अंगठा काढून घेतला. टेल्झे मागे उभी होती, आणि तू श्वास धरून होतास.

दुपारी तू बँकेत गेलास तेव्हा मी हिन्रिकला म्हटलं, "मला मागे घेऊन चल, फालतू रोपं ठेवता तिकडे." बिचारा माणूस चांगला आहे, त्याने दंडाला धरून नेलं. पाण्याच्या टाकीमागे सात कुंड्या होत्या. सातांनाही वळ होता. पुढे पट्टी रोवलेली. मी बोट फिरवलं. बाबांचं नाव नव्हतं. 'इर्मा १९२२' होतं, आणि 'आर'चा पाय तुटका. मी म्हटलं, "ही तर कचऱ्यावर टाकायची होती ना?" हिन्रिक म्हणाला, "साहेबांनी मला पाठवलं, मग दहा मिनिटांत स्वतः धावत आले आणि उकिरड्यावरून उचलून आणली. त्यांचे हात चिखलाने भरले होते. ते पत्र टपालात पडून गेलं होतं, बाई."

मी तिथे रडले. तो बिचारा टोपी काढून उभा राहिला, जणू कोणी गेलंय.

तर तू खोटं बोललास, आणि चांगलं बोललास. माझी तक्रार नाही. पण आता मी खोटं बोलत राहिले तर हिशोब बसणार नाही, म्हणून सांगते.

त्या दिवशी बर्फात मी नख लावलं होतं. सालीवर, बाबांनी शिकवलं तसं. आतला रंग मला दिसला नाही. पण काडीवरचे डोळे मी बोटाने चाचपले होते. तुझ्या कुंडीचा जोड चार वर्षांचा आहे हे ज्या बोटांना कळलं, त्याच बोटांनी. मग तेव्हा का नाही कळलं? गारठ्याने बोटं बधिर होती म्हणून? की कळलं होतं आणि मी हातांना गप्प बसवलं? शिडीवरून उतरताना माझ्या मनात आलं होतं, 'इर्मा, पुन्हा एकदा बघ.' मी बघितलं नाही. डोरिंगबाईंना थंडी वाजते असं स्वतःला सांगितलं.

मला खरंच माहीत नाही, फोल्कमार. वर्षभर रोज विचारते आहे. तुझं ते मे महिन्याचं पत्र दोनदा ऐकलं, ते एवढ्यासाठी. मला बघायचं होतं, ते ऐकताना मला राग येतो की पकडलं गेल्यासारखं वाटतं. दोन्ही वाटलं.

तुझं झाड गेलं ते माझ्या हातून गेलं, हे खरं. तू म्हणशील, आंधळी बाई, चुकली. तसं म्हणू नकोस. मला क्षमा करायची तर पुरती कर, आंधळी म्हणून करू नकोस. नाही करता आली तर तसं लिही, डोरिंगबाईंनी मोठ्याने वाचलेलं मला चालेल.

एक मागते. त्या सातांतलं एक तुझ्या फाटकापाशी लाव. डावीकडे. उजवीकडची जागा मोकळी ठेव, तिथे तुझ्या चार हजारांतलं कुठलंच लावू नकोस.

आणि डावं-उजवं ठरवताना आधी घरात जा, मग बाहेर बघ.

तुझी
इर्मा